शून्य ते शंभर टक्के

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, मासे भरायच्या शेडच्या वर
माझी खोली. एक खिडकी, एक हीटर,
आणि फेरीचं वेळापत्रक,
त्यात बोट हलली पाहिजे
असं कंपनीनं एका ओळीत लिहून पाठवलंय.

हलवायला काय लागतं?
शून्य टक्क्याला बोट डाव्या कडेला,
शंभर टक्क्याला उजव्या.
मधलं पाणी ब्राउझर आपणहून भरतो.
चार सेकंद. झालं.

हानुस वर आला, हातात सुक्या माशाचा पुडा.
चौतीस वर्षं याच खाडीत दोर फेकले त्यानं.
स्क्रीनकडे बघून म्हणाला,
बोट अशी सुटत नाही.
दगड सुटतो असा.

मग टेबलावरचा माझा कप घेऊन दाखवलं:
आधी नुसती थरथर, किनारा तिथंच.
मग धक्का आणि बोट यांच्यात
वीतभर काळं पाणी.
मग हातभर.
मग कळतं तुला, की तू निघालीस.
आणि पलीकडे,
पोचायच्या कितीतरी आधीपासून
पोचत राहायचं.

ती वक्ररेषा चार आकड्यांची, स्वल्पविरामांनी बांधलेली.
एक आकडा जरा वाढवला की बोट आळसावते,
कमी केला की हिसका.
अंधार पडेपर्यंत आम्ही कप सरकवत होतो,
कॉफी सांडत.
शेवटी म्हणाला, हां,
आता तिच्यात वजन आलं.

लाटही दिली मी तिला:
तीन पिक्सेल वर, तीन खाली, अनंत वेळा.
अनंत हा शब्द तिथं असाच लिहायचा असतो,
अर्धविराम देऊन पुढच्या ओळीवर जायचं.

बुधवारी फोन आला. एल्सबाचा, त्याच्या बायकोचा.
भावाकडे कालसॉयला जायचं होतं म्हणून पान उघडलं
आणि भिंत धरून खाली बसले, म्हणाली.
समुद्रावर एकदाही उलटी झाली नाही गं मला,
आता कानच आतून फिरतो.

हानुस काही बोलला नव्हता.
घरातले पडदेसुद्धा
हलू नयेत म्हणून बांधून ठेवतात,
हे मला तिच्याकडून कळलं.

तशी अट लिहिता येते.
ज्यांनी आपल्या यंत्राला सांगून ठेवलंय, कमी हलव,
त्यांच्यापुरती बोट थांबते.
दोनच ओळी. आधी सुचल्या नाहीत.

पण थांबवली की ती शून्यावर जाते,
डाव्या कडेला, कधी सुटलीच नव्हती अशी.
ते मला बघवेना.
हानुसला विचारलं, कुठं उभी करू?
तो खिडकीतून साडेतीनची फेरी बघत होता,
बराच वेळ बघत राहिला.

पलीकडे लाव, म्हणाला.
आणि दोर बांध.

दोन पिक्सेल जाड दोर काढलाय मी,
करडा.
तो काही केल्या हलत नाही.