दूरचं लहान

कुताईसीच्या शाळेत, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे पाइप तापायला नऊ वाजतात,
मी मुलांना चित्रकला शिकवते.
रबराची पाटी, तिच्यावर पातळ प्लास्टिक.
बॉलपेन दाबून ओढलं
की अंगावर वळ उठावा तशी रेघ उठते,
बोटाला कळते.
शाई लागत नाही. इतर वर्गांतली संपलेली पेनं
माझ्याकडे येतात.

त्या मंगळवारी यथार्थदर्शन घ्यायचं होतं.
अभ्यासक्रमात तसं छापलं होतं, आणि अठरा वर्षं
मी डोळस पोरांना तेच सांगत आले होते:
रस्ता पुढे जातो, अरुंद होतो,
शेवटी एका ठिपक्यात मरतो.
जवळचं मोठं, दूरचं लहान.

"लहान कसं?" एल्गुजा म्हणाला.
वय दहा. नखांत कायम पावाचा चुरा.
म्हटलं, "समज डोंगर आहे. लांबून तो
घराएवढाच दिसतो."
"मग डोंगरावरच्या लोकांना चेंगरायला होत नाही?"

वर्ग हसला. दारेजान तर बाकावर डोकं टेकून.
तिला वाटलं, बाई आज थट्टेच्या मूडमध्ये आहेत.

डोंगर तेवढाच राहतो, मी म्हटलं,
आपल्याला तो लहान वाटतो, एवढंच.
"आपल्याला नाही. तुम्हाला.
आणि खोटं आहे हे माहीत असून
तुम्ही तसंच काढता?"
हो. कित्येक शतकं तसंच काढतोय.
आम्हा डोळसांचे डोंगर दुरूनच साजरे.

त्याने पेनचं टोपण चावलं. मग हळूच:
"माझा बाबा पोलंडला असतो.
कोंबड्यांच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
तो तुम्हाला इथून केवढा दिसेल?"

मी खिडकीकडे पाहिलं.
रिओनीच्या पलीकडे कुणीतरी सायकल ढकलत होता,
माझ्या करंगळीच्या नखाएवढा.
"दिसणारच नाही," मी म्हणाले.
बरं काही सुचायच्या आत तोंडून गेलं.
"ठिपका तरी?"
"ठिपकाही नाही."
त्याने मान हलवली,
आजारी माणसाचं ऐकून घेताना हलवतात तशी.

डोळ्याआड सृष्टी म्हणतात.
कोणाच्या डोळ्याआड, हे मी आजवर
विचारलंच नव्हतं.

पुढचे दोन तास तो वाकून रेघा ओढत होता.
बसस्थानक. बस म्हणजे फक्त एक दांडी
आणि तीन पायऱ्या, हाताला तेवढीच भेटलेली.
शेजारी बाबा: जॅकेटची चेन तळापासून,
दात न् दात मोजून,
खिशात काहीतरी चौकोनी, वर गळा,
मग कानाखाली दाट टोचे,
घाईत दाढी करताना राहून गेलेला एक चतकोर.
तिथे कागद संपला.
डोकं अजून यायचं होतं.

आधी माप घ्यावं, पान सांभाळावं,
माणूस जरा लहान काढावा:
सगळं जिभेवर आलं होतं.
तोवर त्याचं पेन कडेवरून उतरून
बाकाच्या लाकडावर गेलं होतं,
"इथे टोपी," म्हणत.

मी दुसरं प्लास्टिक आणलं, पट्टीने चिकटवलं.
जोड बोटाला लागत होता. मी म्हटलं, घासून देऊ?
"असू दे. तिथे फोन कट होतो."

संध्याकाळी कपाट उघडलं. चित्र मावेना.
गुंडाळी करायला घेतली,
तर आवाजावरून ओळखलं त्याने, दारातूनच ओरडला,
"बाई, वाकवू नका, पाठ दुखते त्याची!"

म्हणून तो अजून वर्गातच उभा आहे,
भिंतीला टेकून, पाइपाशेजारी.
सकाळी मी आधी पोचते तेव्हा
पाइप गार असतो.
मी कोट काढत नाही. त्याचंही जॅकेट
गळ्यापर्यंत बंद असतं.