डाव्या कुशीवर

पंखा बंद करा, म्हणाल्या फणसे मॅडम,
आणि सात नंबरच्या वॉर्डात
बडोद्याचा सगळा मे महिना छतावरून खाली उतरला.

मंगुबेन राठवा, वय चोवीस.
मांडवीजवळच्या एका दुकानात काज-बटण करते,
शंभर शर्टांमागे मोजून पैसे.
प्लास्टिकच्या पिशवीत तीन वर्षांचे कागद:
दमा. दमा. अशक्तपणा. पुन्हा दमा.
एका कागदाखालची सही
मी जरा जास्त वेळ वाचली.
माझीच होती.

रात्री किती उशा लागतात?
उशी नाही, बेन. पत्र्याच्या पेटीला टेकून बसते.
आडवी झाले की छातीत पाणी भरल्यासारखं होतं.
लहानपणी गुडघे सुजले होते?
सुजले ना. एक उतरला की दुसरा.
मग गेलं आपोआप.

आपोआप काही जात नाही,
ते फक्त आत राहायला जातं.

डाव्या कुशीवर वळ. श्वास सोड. आता थांब.
मॅडमनी नळीचं टोक नुसतं टेकवलं,
दाबलं नाही, दाबलं की पळतो तो आवाज,
आणि डोळे मिटले.
मग नळी माझ्या कानांत.

काहीच नाही. माझाच घाम, बाहेर ट्रॉलीचं कुरकुरतं चाक.
मान हलवणार होते नेहमीसारखी,
हो मॅडम, आलं ऐकू.
हलवली नाही.
पुन्हा ऐक. ठोक्यात नको शोधूस,
ठोक्यांच्या मधे.

मधे
विश्वामित्रीच्या पुलावरून अपरात्री जाणारी मालगाडी होती.
आमच्या घरी ती ऐकू येत नाही,
खिडकीच्या गजाला हात लावला तर कळते.

इकोवर झडप दिसली, माशाच्या तोंडासारखी,
उघडता उघडता अडणारी.
शून्य पूर्णांक आठ, मी म्हणाले.
म्हणजे मोठं की छोटं?
दार असायला हवं होतं, मंगुबेन,
तिथे काज उरलंय.

ती हसली. पहिल्यांदाच.
एवढंच? काज घट्ट झालं तर
आम्ही कडेचे दोन टाके उसवतो.
पण हळू, बेन. घाईत कापड फाटतं.

फुगा घालून असंच उसवतात,
आणि कधीकधी फाटतंही.
संमतीपत्रावर हे बारीक अक्षरात असतं.
मी मोठ्याने वाचलं, दोनदा.

कुणीतरी पंखा लावला. पिशवीतले कागद
कॉटखाली, स्टूलखाली, दारापर्यंत.
तिने वाकून, धापा टाकत, एकेक गोळा केला;
माझ्या सहीचासुद्धा,
नीट घडी घालून
परत जपून ठेवला.