उणे शून्य

नवा प्रोसेसर कुरिअरने आला सातपूरहून,
फोमच्या चौकोनात, पोळीच्या डब्याएवढा बोर्ड.
त्याला साइन येत होती, पण एकेक.
आकडा घ्या, उत्तर द्या, पुढच्याला बोलवा,
रेशनच्या खिडकीसारखी.
आतले रजिस्टर मात्र रुंद,
चार जण खांद्याला खांदा लावून बसतील एवढे.
दर फेरीला तीन जागा रिकाम्या जायच्या.

गंगापूर रोडच्या या दोन खोल्यांत
सिस्टिमच्या लायब्ररीसाठी
मी चौघांची साइन लिहायला बसले.

शकूआत्या नाशिकरोडहून राहायला आलेली,
मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी.
एका डोळ्यावर हिरवी पट्टी.
काय करतेस गं दिवसभर?
म्हटलं, पाय वजा करतेय.
एकदम नाही होत, तीन तुकडे करून करावा लागतो.
कुणाचा पाय, म्हणाली,
आणि आम्ही दोघी चहा सांडेपर्यंत हसलो.

मग सांगितलं.
चौघांना एकच हुकूम, एकाच वेळी.
इथे ‘जर’ परवडत नाही,
दोन्ही वाटा चालून बघायच्या
आणि नको ती मागाहून झाकायची.
पण चौघांत कुणी अनंत निघाला,
किंवा आकडाच नसलेला आकडा,
तर त्याला जुन्या खिडकीवर एकट्याला पाठवायचं.
बाकी तिघांची उत्तरं तयार असतात.
तरी थांबायचं.

आत्या एकतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात, तपासणीला.
तुमच्या शीटवर एखादीच नोट बिघडली, तर?
तिथलं घरी बोलायचं नसतं, म्हणाली.
रिटायर होऊन अकरा वर्षं झालीत.
पण तिचा अंगठा
मांडीवरच्या पेपराच्या कडेवरून सरकत गेला,
पान न उघडता,
नुसता आवाज ऐकत.

रात्री तपासणी लावली.
सगळे आकडे, एकही न गाळता:
चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख
सदुसष्ट हजार दोनशे शहाण्णव.
बोर्डावर टेबलफॅन सोडला.
मध्ये एकदा लाइट गेली, पुन्हा पहिल्यापासून.
शेवटच्या घरात थोडं इकडेतिकडे चालतं,
तेवढी सूट नियमातच आहे.
पहाटे साडेचारला पडद्यावर एकच ओळ लाल.

उणे शून्य.
आत गेलं उणे, बाहेर आलं नुसतं शून्य.

आत्या उठलेली होती, ती पहाटेच उठते.
उणे शून्य म्हणजे काय?
शून्यच.
मग बिघडलं कुठे?
म्हटलं, किंमत तीच. पण कुठल्या बाजूने आलो
ते त्याला आठवत असतं.
कुणी पुढे त्यानं भागलं,
तर त्या आठवणीवर सगळं फिरतं:
वरचं अनंत की खालचं.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
पंचवटीकडून कसली तरी आरती
लाउडस्पीकरवर अर्धवट येत होती.
मग म्हणाली, बाद कर.
सगळं?
नाही. ती एक.
आणि सापडेपर्यंत झोपू नकोस.

सापडलं, तीन तुकड्यांच्या पहिल्याच वजाबाकीत.
उणे शून्यातून उणे शून्य काढलं
आणि चिन्ह तिथेच गळून पडलं,
आवाज न करता.
आता देवळाबाहेर चपला काढाव्या तसं
चिन्ह आधीच काढून ठेवते
आणि बाहेर पडताना
ज्याचं त्याच्या पायात.
दोन सूचना वाढल्या.
वेग किंचित उतरला, चौघांचाही,
त्या एका शून्यापायी.

पॅच गेला. कुणीतरी हवामान मोजेल,
कुणी पुलाचा कंप,
कुणी नुसती गाणी ऐकेल; साइन
कुणी लिहिली हे विचारायचं कुणाला सुचणार नाही.
ते बरंच आहे.

आत्याची पट्टी शुक्रवारी निघाली.
दवाखान्याबाहेर रिक्षावाल्यानं सुटे परत दिले.
तिनं दहाची एक नोट उन्हाकडे धरली,
कधी नव्हे इतका वेळ,
मग माझ्याकडे बघत
पर्समध्ये ठेवली.
काय दिसलं, विचारलं.
चल, म्हणाली, सिग्नल सुटला.