नरक्या

वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लाकूड
निवतीच्या भिकाजी तांडेलांनी टेबलावर ठेवलं
आणि पहिल्या वर्षाची सगळी मुलं
नाकाला रुमाल लावून व्हरांड्यात गेली.

"बाई, ह्या नरक्या. भाच्यान आंबोलीसून हाडल्यान.
माका ह्येचो रस काढून देशात?"

वासावरून बदनाम झालेलं झाड.
कुणी त्यालाच अमृता म्हणतात.
तोडायला बंदी आहे, हे मी बोलले नाही.
त्यांच्या खिशातून डोकावत होता
बायोप्सीचा कागद, चार घड्यांचा,
खाऱ्या हातांनी मऊ पडलेला.

वेंगुर्ल्याच्या या कॉलेजात
मी अकरा वर्षं अर्क काढते आहे:
सालीची पूड, मिथेनॉल, रात्रभर ठिबकणारी काच,
सकाळी तळाशी काळपट, चिकट काहीतरी.
ते पुण्याला जातं. तिथे बशीत पेशी मरतात.
आलेख खाली येतो, आम्ही चहा मागवतो.
बशीतल्या पेशी
मिठाच्या पाण्यानेही मरतात, काका.
बशीला यकृत नसतं. बशीला भूक लागत नाही.
बशीची वाट बघत
कुणी जेटीवर बसत नाही.

हे सगळं मनात. तोंडाने एवढंच,
की यातलं औषध खरं आहे,
कारखान्यात ते वेगळं करतात, बदलतात, मोजतात,
बांबोळीचे डॉक्टर ठरवतील तर सलाईनमधून देतील.

"मगे हयच देवा. थय कित्याक?"

मी तराजू दाखवला,
काचेच्या पेटीतला, श्वासानेही हलणारा.
म्हटलं, जाळं टाकताना सांगता येतं का
किती मासळी लागेल?
लाकडाचंही तसंच. या फांदीत इतकं, त्या फांदीत तितकं,
आणि थोडं जास्त झालं तर

ते वाक्य मी पुरं केलं नाही.
ते पेटीवर वाकले, हळूच फुंकर घातली.
आकडे धावले.

लाकूड इथेच राहिलं.
येतानाच कंडक्टर दोनदा उतरवायला निघाला होता.
मी चिठ्ठी चिकटवली: नमुना क्रमांक एक्केचाळीस,
स्थळ आंबोली, संग्राहक बी. तांडेल.
'हेतू'पुढचा रकाना कोराच.

आश्विनात परत आले. तिसरा डोस झाला होता.
"बरी असा," म्हणाले. मग, "बरी म्हणजे..."
तीस वर्षं मासळीबाजारात बसलेल्या द्वारकाबाईंना
आता बांगड्याचा वास सोसत नाही.
हे होडीवरून येतात, विहिरीवर थांबतात,
कोपरापर्यंत लिंबू चोळतात,
मग उंबरठा ओलांडतात.

जाताना कपाटाकडे बघून विचारलं,
"तो वास गेलो?"
नाही म्हटलं.
"ऱ्हवांदे," म्हणाले.