नाव नावाच्या गावात

वूच. लिहायचं एका तऱ्हेनं, म्हणायचं दुसऱ्या.
अर्थ होडी.
म्हणजे शहराचं नावच नाव,
आणि नदी औषधालाही दिसायची नाही.
अठरा होत्या म्हणे. गिरण्यांनी एकेक करून
नळात घातल्या, वर रस्ते ओतले.
आता वाहतात ते रूळ,
मीटरभर रुंद, पावसाळी दिवशी चकाकणारे.
दोब्रोखना, तू काठावर उभी राहायला शीक.

पहाटे चारला ये, टेलिफोनिच्ना डेपोच्या फाटकाशी.
कॅमेरा कोटाच्या आत ठेव,
थंडीत बॅटरी मान टाकते.
आधी फक्त आवाज: कुणीतरी डब्यांत वाळू भरतंय.
ऑक्टोबरात लिंडनची पानं रुळांना चिकटली
की चाकं साबणावरून गेल्यासारखी घसरतात,
तेव्हा ब्रेकपेक्षा मूठभर वाळू बरी.
मग दिवे. मग लाल-पिवळी पहिली ट्राम,
वळणावर दात खात येणारी.
दोन्ही डब्यांचे नंबर घे.
मागचा राहिला तर नोंद अर्धी,
आणि अर्धी नोंद मी मोजत नाही.

सिग्नल सोपे. आडवी रेघ, थांब. उभी, जा.
पासाला इथे मिगाव्का म्हणतात,
वॉर्सात हा शब्द वापरलास तर लोक तोंडाकडे बघतील.
पिओत्र्कोव्स्काजवळचा रंगीत छताचा थांबा
पाहुण्यांना दाखव, त्यांना आवडतो,
एकशिंगी घोड्यांचा तबेला म्हणतात त्याला.
फोटो मात्र तिथे काढू नकोस.
छताचे रंग गाडीवर सांडतात.

शहर संपलं की मार्ग एकेरी व्हायचा.
समोरून गाडी येणार असली
की बगलेच्या रुळावर थांबायचं, कोबीची शेतं बघत.
फार पूर्वी ड्रायव्हरच्या हाती लाकडी दांडका असे,
दांडका ज्याच्याकडे, वाट त्याची.
ती लाइन बंद झाली.
बस जाते आता. तिचा नंबर मी टिपत नाही.

अकरा वह्या झाल्या. सव्वीस वर्षं
सहा बाराच्या गाडीला मी त्याच वळणावर,
बेकरीच्या भिंतीशी, राखाडी टोपीत.

गेल्या नाताळाआधी दूधबारमध्ये
सूप पीत होतो. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली,
तुम्हीच ना, सहा बारा?
लेओकादिया. ट्राम चालवायची. सुटली दोन वर्षांपूर्वी.
म्हणजे माझ्याकडे तिचे शेकडो फोटो,
प्रत्येकात काचेवरचा उजेड आणि मागे कुणी नाही.

तिनं पर्समधून ड्युटीची डायरी काढली, एका वर्षाची.
बाकीच्या घरी आहेत, म्हणाली.
पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षर:
टोपी आहे.
टोपी आहे.
टोपी आहे, छत्री उलटी झालेली.
पुढे मार्च. सोळा दिवस ओळीनं: नाही.
तेव्हा मला न्यूमोनिया होता, वॉर्डच्या खिडकीतून
बॉयलरची चिमणी दिसायची, दुसरं काही नाही.
सतराव्या दिवशी तिनं लिहिलं होतं:
नाही. तरी घंटा दिली.

मी सूप ढवळत राहिलो. थंड झालं.
तिनं विचारलं, नाव काय हो तुमचं?
गेर्वाझी, म्हटलं.
सव्वीस वर्षांत कुणी कुणाला विचारलं नव्हतं,
नाव नावाच्या गावात.

तेव्हा ही सूचना, खरं तर सगळ्यात वर हवी होती:
नंबर टिपून झाला की मान वर कर, हात हलव.
काचेत दिसणार कुणीच नाही, तरी.
नवी वही आखताना उजवीकडे
एक रकाना जास्त ओढ,
माझ्या अकरांत तो नाहीये.
काय लिहायचं ते तू ठरव.

आणि हातमोजे आण. बोटं कापलेले.
पेन धरता आलं पाहिजे.