शके निरंक

दुकान उघडलं पाडव्याला.
कटिंग मशीन आणलं दसऱ्याला, झेंडूची माळ घालून,
दुसरा गाळा घेतला अक्षय्य तृतीयेला,
म्हणजे कुठे काही कमी पडू नये.
साडेतीनातले तीन असे पुरेपूर वापरून झाले.
उरला अर्धा.
त्या दिवाळीत हेमलतानं ओवाळलं तेव्हा
ताटात टाकायची नोट
मी शेजारच्या झेरॉक्सवाल्या इम्तियाजकडून उसनी आणली होती.

पुढचं सगळं बिनमुहूर्ताचं.
विद्यापीठ म्हणालं, प्रबंध आता पीडीएफमध्ये द्या,
आणि पाठीवर सोनेरी नावं उठवणारे माझे पितळी खिळे
एका परिपत्रकानं मुके झाले.
मग एका रात्री खडकवासल्याचे दरवाजे उघडले.
नदीकाठच्या गोदामात पुठ्ठा
पावासारखा फुगून वर आला.
मग डाव्या तर्जनीचं टोक मशीनखाली गेलं
(काप मात्र सरळ. मशीन शेवटपर्यंत चोख).
मग मशीनही गेलं, जुन्या बाजारात, वजनावर.
मग पाटल्या.

आज मंगळवार. पितृपंधरवड्यातली सप्तमी.
सदाशिव पेठेतल्या पतसंस्थेत कुरकुरत्या पंख्याखाली
धुमाळबाईंनी माझं पुस्तक मागून पुढे चाळलं,
शेवटच्या हप्त्यावर खूण केली,
शिक्का शाईत दोनदा दाबला
आणि उमटवला:
निरंक.
किंचित तिरका.
"नऊ दिवस थांबला असतात
तर घटस्थापनेला झालं असतं हो," म्हणाल्या.
मी हसलो. त्यांना कसं सांगणार
की मुहूर्तांशी माझं बोलणं बंद आहे.
दाखल्याचे पन्नास. खिशात चाळीस.
बाईंनी स्वतःच्या पर्समधली दहाची नोट काढली
आणि माझ्या वतीनं
आपल्याच गल्ल्यात टाकली.

बाहेर ऊन.
पासावर धायरीपर्यंत जाता आलं असतं थेट,
पण पाय अप्पा बळवंत चौकाकडे वळले, जुन्या सवयीनं.
चाफळकरांच्या फळीवर चालू सालची एक डायरी,
कापडी पाठीची, कोरी.
"न्या हो. सप्टेंबरात हिला कोण विचारतंय?
रद्दीत घालायच्या ऐवजी तुम्हाला घातली."

रात्री जेवणं झाल्यावर तिचे टाके उसवले.
फर्मे सुटे करून फरशीवर मांडले,
सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात कोरा कागद.
चोवीस तारीख फर्म्याच्या पोटात येते,
म्हणून घडी कापली, पातळ पट्टी लावली,
आणि आजचं पान सगळ्यांच्या वर घेतलं.
खाली ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर,
त्यांच्या शेपटाला जानेवारी,
पार तळाशी कालचा सोमवार.
दोऱ्याला मेण. सुई तीच.
टोक नसलेलं बोट घडीवरून घसरतं,
मधलं बोट आता त्याचं काम शिकलंय.

हेमलता उंबऱ्यात उभी.
"जानेवारीपासून वार चुकतील."
"चुकू देत. बरोबर वारांनी कोणते दिवे लावले?"
ती काही बोलली नाही.
आत गेली, डबा वाजला.
"कडुलिंब नाहीये घरात," आतूनच म्हणाली.
"तो झाला खाऊन," मी म्हटलं.
तळहातावर गुळाचा खडा ठेवून
ती दिवा मालवायला गेली.

खळ वाळायला रात्र जाते.
डायरीवर वरवंटा ठेवून झोपलो.
सकाळी पाहिलं तर पाठ सरळ बसली होती,
फक्त खालच्या कोपऱ्यात एक टाका ढिला,
तो मलाच दिसेल.

मंगळवारच्या पानावर, बुधवारी,
चहा निवेपर्यंत पेन धरून बसलो.
मग वर लिहिलं: शके निरंक.
त्याखाली, पहिलीच नोंद:
धुमाळबाई. दहा रुपये. देणे.