प्रमाणपत्रावरचं नाव

टोकोरोआतला जुलै : गवतावर दहिवर नाही, काच.
गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायला
मी लायब्ररीचं जुनं कार्ड वापरते
आणि निघते. मागच्या सीटवर आठ पिशव्या,
प्रत्येकीत गोष्टीचं पुस्तक, बोथट कात्री,
लाल त्रिकोण.

दारं आता ओळखीची झालीत.
कुठलं कुत्रं नुसतंच भुंकतं,
कुठल्या घरात रात्रपाळीचा बाप झोपलेला असतो
आणि सिंहाची डरकाळी कुजबुजत वाचावी लागते.
स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आई आणि मी.
आधी मी होते चार वर्षांची,
चौकोनाला बिस्कीट म्हणते, खुर्चीवरून घसरते.
ती हसते. मग तिला आठवतं, शिक्षक ती आहे.
उद्यापासून मी नसेन, तिचं लेकरू असेल समोर,
रोज पंधरा मिनिटं.
पंधरा मिनिटं म्हणजे किती,
हे दोन नोकऱ्या करणाऱ्या बाईला विचारावं.
मी तेव्हा तीन करत होते.

आज आभाराची संध्याकाळ.
बोलिंग क्लबचा हॉल, दोन हीटर,
त्यातला एक नुसताच लाल दिसतो.
थंडीनं बागा करपल्या, म्हणून बेटांवरून आलेल्या बायकांनी
प्लॅस्टिकच्या फुलांचे मुकुट गुंफलेत.
रेवी मेकॅनिकच्या टकलावरून त्याचा सारखा घसरतोय.
माझ्या गाडीचे ब्रेक त्यानं दोनदा बदलले
आणि बिलावर लिहिलं : एक पुस्तक, नातवासाठी, ट्रकचं.
फिलिपोच्या लॉण्ड्रीत ड्रायरच्या वर फळी आहे,
चित्रांच्या पुस्तकांची. पानं तिथं कायम कोमट असतात.
आणि डेझमंड प्रॅटली,
कागद कारखान्यात चौतीस वर्षं कटिंगवर,
निवृत्त झाला तो रिळांची टोकं घरी घेऊन.
आमचे सगळे त्रिकोण त्याच्या गॅरेजमधले.
एका मशीननं त्याचं एक बोट ठेवून घेतलंय,
त्यामुळे तो दहापर्यंत मोजायला शिकवतो
तेव्हा पोरं त्याच्याशी भांडतात.

लोइमाटाचं नाव यादीत नाही.
तिच्यापुढे काय लिहायचं, ते समितीला सुचलं नाही.
ती काही देत नाही. फक्त चार वाजता
कुंपणापलीकडून शेजारणीचं तान्हं मागून घेते
आणि पंधरा मिनिटं उभी राहते, कडेवर ते रडकं ओझं,
आत मोठ्या पोरीचा गोल पूर्ण होईपर्यंत.
आत्ताही ती मागे उभीच आहे.
कडेवर कुणाचं तरी आहेच.

नावं वाचायला मेरेआना. साडेसहा वर्षांची,
माझ्या पहिल्या वर्षाच्या पिशवीतली.
तिच्या आईनं मला बजावलंय : पुढचं अक्षर सांगायचं नाही.
मी ओठ मिटून बसते.
मेरेआना कागदावर बोट ठेवते.
डे. झ. मंड.
हॉलमध्ये चहाचं भांडं तेवढं खदखदतंय.
पॅ. र.
ती थांबते. वर बघत नाही.
पॅरट. ली.

कुणीतरी हसणार होतं, फिलिपोनं त्याला कोपरानं गप्प केलं.
म्हातारा उठला, मुकुट सरळ केला.
"हो, मीच तो," म्हणाला,
आणि नऊ बोटांनी प्रमाणपत्र घेतलं.

सोमवारी माझ्या पायरीवर खोका होता.
झाकणावर जाड पेनानं, मोठ्या अक्षरांत
पाठवणाऱ्याचं नाव : डी. पॅरटली.
आत त्रिकोण, दरवेळसारखे लाल,
आणि पहिल्यांदाच
थोडे हिरवे.